शेवटचं षटक आणि आई

आमच्या कोल्हापूरच्या घरात मॅच बघताना प्रत्येकाची जागा ठरलेली असते. माझे वडील, म्हणजे आप्पा, खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत. मी खाली, पलंगाला पाठ टेकून. शेजारचे काका दारात, एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर, कारण ते एकदा तसे उभे असताना आपण हातची गेलेली मॅच जिंकलो होतो. आणि आई स्वयंपाकघरात.

आई बाहेर आली की विकेट पडते, हा आमच्या घरचा सिद्धांत. तो कुणी मांडला ते आता सांगता येणार नाही. कधीतरी ती चहाचे कप घेऊन बाहेर आली असेल आणि आपला चांगला जमलेला फलंदाज बाद झाला असेल. मग आणखी एकदा तसंच झालं असेल. त्याच्या पुढच्या वेळी आप्पांनी तिच्याकडे नुसतं बघितलं आणि ती ट्रे घेऊन उलट्या पावली आत गेली, एवढं मला आठवतं. त्यानंतर कुणी काही बोलायची गरज पडली नाही. मॅच रंगात आली की आई आपणहून उठायची आणि परातीत पीठ घ्यायची. भाकरी थापल्याचा आवाज येत राहिला की बाहेर आम्ही निर्धास्त. आवाज थांबला की आप्पा ओरडायचे, "थांबू नगंस! थाप, थाप!"

आणि गंमत अशी, की घरात क्रिकेटचं वेड सगळ्यात जास्त तिलाच. आमच्या आरडाओरड्यावरून तिला चौकार कुठला आणि षटकार कुठला ते बरोबर कळायचं. झेल सुटला की आप्पा कपाळावर हात मारून घेतात, ती चापटसुद्धा ती आतून ओळखायची आणि म्हणायची, "सोडला न्हवं?" जिंकलो की आप्पा हाक मारायचे, "ये आता बाहीर!" मग ती पदराला हात पुसत यायची. गल्लीतली पोरं फटाके घेऊन शिवाजी चौकाकडे पळालेली असायची, आणि माझी आई टीव्हीसमोर उभी राहून, निकाल लागून गेलेला शेवटचा चेंडू रिप्लेमध्ये डोळे मोठे करून बघायची.

"एकदा तरी जिंकताना बघायचं हाय मला," ती एकदा भांडी लावता लावता म्हणाली. "जिंकल्यावर न्हाय. जिंकताना."

त्या वर्षी विश्वचषक इंग्लंडमध्ये होता. मी कॉलेजात भूगोल शिकवते. नकाशावर सगळं जग हिंडलेली, पण मुंबईच्या पलीकडे विमानानं कधी गेलेली नव्हते. हिय्या करून दोन मॅचची, दोघांची तिकिटं काढली. एक माझं, आणि दुसरं अर्थात आप्पांचं, असं मी धरून चालले होते. आप्पांनी गुळाचा व्यापार आता बंद केलाय, वेळच वेळ असतो. पण ते ऐकायलाच तयार होईनात.

"मी हिथं खुर्चीत न्हाय म्हटल्यावर टीम काय करंल? तुमच्या मजेपायी वर्ल्ड कप घालवू व्हय?"

"मग दुसऱ्या तिकिटाचं काय करू?"

आप्पांनी थोडा विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "आईला ने की! टीव्हीपास्नं जेवढी लांब जाईल तेवढं बरंच हाय."

या बोलण्यात काय घोटाळा आहे, हे आमच्या तिघांच्याही लक्षात आलं नाही. आईनं महाद्वार रोडवरून निळी साडी आणली. भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि लाडू यांनी एक अख्खी बॅग भरली. शेजारच्या काकांनी जोतिबाच्या गुलालाची पुडी आणून दिली आणि बजावलं, "वहिनी, जिंकल्यावर लावायचा. तवर पुडी सोडायची न्हाय." आईनं ती पुडी पर्समध्ये, आरशाच्या कप्प्यात ठेवली.

आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचं, त्याला आमच्यात अंथऊ म्हणतात. आईचा हा नेम लग्नाआधीपासूनचा. इंग्लंडात पोचलो त्या दिवशी तिनं सवयीनं संध्याकाळी सहालाच हॉटेलच्या खोलीत अंथऊ उरकून घेतलं, तोंड धुतलं आणि खिडकीत बसली. सात वाजले, ऊन. आठ वाजले, ऊन. नवाला तिनं पडदा बाजूला सारला आणि बाहेर बघून मला म्हणाली, "ह्यो मावळतो का न्हाय गं?"

जून महिन्यात इतक्या उत्तरेला दिवस किती लांबतो, ते मी दरवर्षी फळ्यावर गोळा काढून पोरांना शिकवते. आईला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

"म्हंजे मला अजून खाता येतंय?"

"येतंय की."

तिनं ताबडतोब भडंगाचा डबा उघडला. "आपल्या लोकांनी हिथंच राह्यला याला पाहिजे," ती तोंडात बोकाणा भरून म्हणाली. "किती निवांत जेवाय मिळतंय." पुढचे सगळे दिवस तिनं दोन-दोनदा अंथऊ केलं.

पहिली मॅच नॉटिंगहॅमला होती. आम्ही मैदानात शिरलो तेव्हा पाऊस पडत होता, दुपारी पडत होता आणि मॅच रद्द झाल्याचं सांगितलं तेव्हाही पडतच होता. खेळपट्टीवर आच्छादनं घातलेली. "गुळाच्या ढेपा झाकल्यागत झाकलंय," आई म्हणाली. मग हळूच म्हणाली, "माझ्यामुळंच झालं."

"आई, तुझ्यामुळं पाऊस कसा पडेल?"

"मग विकेट कशी पडतीया?"

मी तिला घेऊन तिथल्या बाजारात गेले. एका गाळ्यावर तिथला प्रसिद्ध पदार्थ मिळत होता, मशी पीज. वाटाणे शिजवून शिजवून त्यांचा पार लगदा केलेला, आणि वर पुदिन्याचं आंबट पाणी. आईनं एक चमचा खाल्ला, डोळे मिटून विचार केला आणि निकाल दिला, "उसळ हाय ही. फोडणी द्यायची इसरल्यात." मग पर्समधून चटणीची डबी निघाली. गाळ्यावरची बाई हे सगळं मान वाकडी करून बघत होती. आईनं खुणेनं तिला विचारलं, आणि तिनंही चिमूटभर चटणी आपल्या वाटाण्यांवर घेतली. तिचा चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ती हसत सुटली. आम्हाला तिनं आणखी एक वाटी भरून दिली. रात्री झोपताना आई म्हणाली, "मॅच न्हाई झाली, पण उसळ झ्याक हुती."

दुसरी मॅच दक्षिणेला, साउथम्प्टनला. तिच्या दुसऱ्याच दिवशी आमचं परतीचं विमान होतं. म्हणजे जिंकताना बघायला आईपाशी आता एवढी एकच मॅच उरली होती, आणि ते तिलाही ठाऊक होतं. मधले दिवस आम्ही रेल्वेनं खाली सरकत गेलो आणि खात गेलो. प्रत्येक दुकानात माझं पहिलं काम म्हणजे "यात अंडं आहे का" हे विचारायचं. आई मागून ढोसायची, "परत इचार. त्याला नीट कळलं न्हाय." एका गावात हिरव्या पाल्याचं सूप मिळालं, चवीला अगदी आपल्या हळिवाच्या पाल्याची चुलतबहीण. स्ट्रॉबेरी तर आम्ही रस्त्यानं चालता चालता दाण्यासारख्या खाल्ल्या. एका टपरीवजा हॉटेलात स्कोन मागवले. जाडजूड, भुसभुशीत पाव, मधून कापायचा आणि त्यावर जॅम आणि घट्ट साय थापायची. आम्ही कोल्हापूरची माणसं. गंगावेशीला म्हशीची धार डोळ्यांदेखत काढून घेऊन तिथंच उभ्यानं फेसाळ दूध पिणारी. सायीच्या बाबतीत आमच्याशी लबाडी चालत नाही. आईनं बोटानं चाखून बघितली आणि मान डोलावली. शेजारच्या टेबलावर दोन म्हाताऱ्या तावातावानं भांडत होत्या. आईनं विचारलं, काय झालंय त्यांचं? मी ऐकून सांगितलं, आधी जॅम लावायचा की आधी साय, यावरून चाललंय. आईला हे फार आवडलं. तिनं अर्धा स्कोन एका पद्धतीनं खाल्ला आणि अर्धा दुसऱ्या, आणि दोघींनाही मान डोलावून बरोबर ठरवलं.

मॅचच्या दिवशी लख्ख ऊन होतं. गावाबाहेर उतारावर मैदान, आणि त्या वाटेनं निळ्या कपड्यांची माणसं ढोल वाजवत निघालेली. निळी साडी, खाली पांढरे बूट, डोक्यावर टोपी, अशी आई त्यांच्यात चालत होती आणि लोक तिचे फोटो काढत होते. मैदानात शिरून ते हिरवं गवत दिसलं तेव्हा तिनं माझा हात दाबला. इतका आनंद मी तिच्या चेहऱ्यावर मला कॉलेजात नोकरी लागली तेव्हाही बघितला नव्हता.

समोरचा संघ दुबळा समजला जाणारा. हसत-खेळत जिंकणार, असं सगळे धरून चालले होते. पण आपल्या धावा काही होईनात. पहिली विकेट पडली आणि आई ताडकन उठली.

"कुठं निघालीस?"

"जरा बाहीर उभी राहते."

ती जाऊन स्टँडच्या मागे खाण्याच्या गाड्यांपाशी उभी राहिली. थोड्या वेळानं चिप्स घेऊन परत आली, बसली, आणि आणखी एक जण बाद झाला. ती पुन्हा उठली. अशी दुपारपर्यंत विकेट पडत गेल्या आणि खाणं येत गेलं. माझ्या मांडीवर चिप्स, स्ट्रॉबेरीचे पेले, मक्याचं कणीस असा सगळा बाजार मांडला गेला. मला भूक नव्हती. मला तिचा राग येत होता.

"आई, एवढ्या लांब येऊन तू गाड्यांवर उभी राहणार?"

"मग काय, माझ्यापायी हरू द्या व्हय?"

आमच्या रांगेच्या टोकाला, जिन्यावर पिवळं जाकीट घातलेली एक पांढऱ्या केसांची बाई उभी होती. बंदोबस्ताची. आईच्याच वयाची असेल. तिथल्या मैदानांवर एक नियम असतो. षटक चालू असताना जिन्यावरून कुणी ये-जा करायची नाही. दोन षटकांच्या मधेच काय ते हलायचं. दिवसभरात तिनं आईला चार वेळा तरी हात करून थांबवलं असेल. आई थांबायची, पण मैदानाकडे पाठ करून.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आप्पांचा फोन आला. आवाज घाबराघुबरा. "अगं, मोठा घोळ झाला की! तिला टीव्हीपास्नं लांब पाठिवली, पर ती मैदानावरच जाऊन बसली!"

"आता लक्षात आलं तुमच्या?"

"टीव्हीवर बघून विकेट पडतीया, तर तिथं बसून बघितल्यावर काय हुईल? तिला बाहीरच ठेव."

समोरच्यांनी चिवटपणे खेळ केला. मॅच पार शेवटच्या षटकापर्यंत आली. त्यांना हव्या असलेल्या धावा आवाक्यात होत्या आणि त्यांचा सगळ्यात अनुभवी फलंदाज खेळत होता. आई माझ्याशेजारी मूठ आवळून बसली होती. फोन पुन्हा वाजला. "बसलीया काय ती? उठीव! आधी उठीव!" मागं शेजारचे काका, त्यांच्या मागं बहुतेक अख्खी गल्ली.

पहिल्या चेंडूवर त्यानं चौकार मारला. आईनं पर्स उचलली आणि ती रांगेतून निघाली. मी तिचा पदर धरायला गेले, तोवर ती जिन्यापाशी पोचली होती. पिवळ्या जाकिटानं हात आडवा केला.

"काय म्हणतीया ही?"

"ओव्हर संपल्याशिवाय सोडत नाही म्हणते."

"तिला सांग, मी हिथं राह्यले तर आम्ही हरतोय."

हे इंग्रजीत कसं सांगायचं असतं, मला अजून माहीत नाही. जमेल तसं सांगितलं. बाईनं शांतपणे ऐकून घेतलं, आईकडे निरखून बघितलं, आणि आडवा केलेला हात आईच्या खांद्यावर ठेवून तिला मैदानाकडे वळवलं.

फोन चालूच होता. "गेली का बाहीर?"

"नाही, अडवलीय."

"कुणी?"

"इथल्या बाईनं."

"अगं, मग वाकून जा म्हणावं!"

आईनं डोळे गच्च मिटून घेतले. दुसरा चेंडू रिकामा गेला. तो तिनं बघितलाच नाही. तिसऱ्या चेंडूला त्या फलंदाजानं जीव खाऊन फटका मारला, चेंडू आकाशात चढला, आणि सगळं मैदान एकदम गप्प झालं. आईला मॅचचे सगळे आवाज पाठ होते. पण हजारो माणसं श्वास रोखून गप्प होतात, ते काही भिंतीपलीकडून कधी ऐकू आलेलं नव्हतं. काय झालं ते तिला कळेना, म्हणून तिनं डोळे उघडले.

चेंडू अजून वरच होता. सीमारेषेवर आपला खेळाडू त्याच्याखाली उभा होता. झेल घेतला. मैदान फुटल्यासारखं ओरडलं. आईनं डोळे मिटले नाहीत. पुढच्या चेंडूला दांडी गुल. त्याच्या पुढच्याला पुन्हा दांडी गुल. त्यांचे सगळे बाद, मॅच संपली. आपण जिंकलो होतो.

लोक नाचत होते, ढोल बडवत होते. आई जागची हलली नाही. "बघितलं," ती म्हणाली. मग मोठ्यानं, त्या गोऱ्या बाईच्या तोंडासमोर, "मी बघितलं! जिंकताना बघितलं!" आणि तिनं त्या बाईला मिठी मारली. बाईला शब्द कळले नाहीत, पण तिनंही आईला घट्ट धरलं. आईनं पर्समधून जोतिबाची पुडी काढून सोडली आणि आधी तिच्या कपाळाला गुलाल लावला, मग माझ्या, मग स्वतःच्या. आमच्या आसपासची दोन-चार अनोळखी कपाळंही तिनं सोडली नाहीत.

फोनवर आप्पा आनंदानं किंचाळत होते. "उठली न्हवं? म्हणून जिंकलो! मी म्हणत हुतो का न्हाय!"

आईनं माझ्या हातातून फोन घेतला. "उठले हुते वो. पर गेले न्हाय. हिथंच उभी राहून बघितलं समदं, डोळ्यानं."

फोनमधून लांब कुठंतरी कोल्हापुरात उडणारे फटाके ऐकू येत होते.

"मग आजपातूर मी आत भाकऱ्या कशाला थापत हुते वो?"

ती हसत हसत विचारत होती. मलाच रडू फुटलं. आप्पा जरा वेळानं म्हणाले, "हॅलो? हॅलो? आवाज येईना झालाय," आणि त्यांनी फोन ठेवला. आवाज चांगला स्वच्छ येत होता.

आम्ही बाहेर उतारावरच्या गवतात बसलो आणि माझ्या मांडीवरून उरलेलं सगळं खाल्लं. गार झालेल्या चिप्ससुद्धा. संध्याकाळ झाली होती तरी ऊन चांगलं वर होतं.

कोल्हापूरला परतल्यावर आप्पांनी तो विषय काढला नाही. आईनंही नाही. बॅगेतून तिनं साय लावायच्या त्या पावाचं पाकीट काढलं, त्यांनी चहात बुडवून खाल्लं आणि "बरं हाय" म्हणाले. मग उपांत्य सामना आला. टीव्ही लागला, काका उंबऱ्यावर पाय ठेवून उभे राहिले आणि आई सवयीनं आत निघाली. आप्पा वेताच्या खुर्चीतून उठले.

"हिथं बस."

"आणि तुम्ही?"

"मी बघतो आत काय ते."

पावसानं ती मॅच दुसऱ्या दिवसावर गेली. दोन्ही दिवस आई खुर्चीत बसली आणि आप्पा आत. दुसऱ्या दिवशी दिवस मावळायच्या आत तिचं अंथऊ व्हायला पाहिजे, म्हणून त्यांनी जन्मात पहिल्यांदा भाकरी थापली. तिचा आकार कुठल्या देशासारखा होता, हे मला भूगोल शिकवूनही सांगता आलं नाही. आईनं ताट मांडीवर घेतलं आणि टीव्हीवरची नजर न काढता ती भाकरी खाल्ली. आतून आप्पा विचारत होते, "काय झालं गं?"

आपण हरलो. अगदी थोडक्यात, हातातोंडाशी आलेलं गेलं. काका चुळबुळत म्हणाले, "वहिनी आज बाहीर बसल्या हुत्या, त्यामुळं..."

"गप रं!" आप्पा पिठाच्या हातानं दारात येऊन उभे होते. "तिनं मैदानात उभी राहून मॅच जिंकलीया. आज काय चुकलं असंल तर माझ्या भाकरीचं चुकलं असंल."

आईनं त्यांच्याकडे बघितलं. मग रिकामं ताट त्यांच्या हातात दिलं आणि खुर्चीत आणखी रेलून बसली.

"पुढच्या मॅचला जरा पातळ थापा," ती म्हणाली.

"बरं," आप्पा म्हणाले, आणि ताट घेऊन आत गेले.